महाराणीच्या चित्राचा डबा

थोरले आणि धाकट्या, हे बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला मराठी कळते, पण वाचायचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. ऐकतानाही कंटाळा आला तर मध्ये थांबा, मात्र उरलेले दुसऱ्या दिवशी ऐका. अर्धवट सोडू नका.

आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. थोरले, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस की शाळेची सहल व्हिएन्नाला जाणार आहे आणि तिथे त्या महाराणीच्या खोल्या दाखवणार आहेत. "आजी, तिची कंबर खरंच एवढीशी होती?" असे तू दोन हातांचा गोल करून विचारलेस. तुझ्या आवाजात कौतुक होते. मी म्हटले, हो, होती. तेवढ्यात व्हिडिओ अडकला, तुझे हात तसेच गोल राहिले आणि पुढचे मला सांगता आले नाही. त्या खोल्यांमध्ये तुला तिच्या केसांबद्दल सांगतील, कमरेबद्दल सांगतील, वजनाचा काटा दाखवतील. मी व्हिएन्ना कधी पाहिलेले नाही. मला हे सगळे कार्ल्सरूहेला, तुमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर कळले. ज्यांनी सांगितले त्यांची तुला पुसट आठवण असेल, धाकट्याला नसणार. तुम्ही त्यांना खालची आजी म्हणायचात. त्यामुळे मी वरची आजी झाले.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात मी आणि तुमचे आजोबा तीन महिन्यांच्या व्हिसावर तिकडे आलो. थोरली चार वर्षांची होती, धाकटा रांगत होता. मी सातारच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि रिकामे बसणे मला जमत नाही. तुमच्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी असते, केअरवोखे. ज्याची पाळी त्याच्या दाराला आठवडाभर एक लाकडी पाटी टांगलेली असते. तुमचे आई-बाबा दोघेही कंपनीत. त्यांच्या पाळीत शनिवारी संध्याकाळी कसाबसा झाडू फिरायचा. त्या आठवड्यात मी जिना झाडला, पुसला, कठडाही पुसला. खाली पोचले तर एक बाई आपल्या दारात उभ्या. सत्तरी ओलांडलेल्या, पाठ ताठ, निळे स्वेटर, आणि पांढऱ्या केसांची जाड वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. त्यांनी वाकून शेवटच्या पायरीचा कोपरा पाहिला.

"आल्झो," त्या आधी जर्मनमध्ये म्हणाल्या आणि पुढचे इंग्रजीत, "शेवटी या घरात कोणीतरी कोपरे झाडले."

आमची ओळख अशी झाली.

त्यांचे माहेर बव्हेरियातले, एका तळ्याकाठचे. त्या गावाजवळच महाराणीचे लहानपण गेले होते. खरे तर ती एकोणिसाव्या शतकातली, व्हिएन्नाची सम्राज्ञी, पण घरी आपण महाराणीच म्हणायचो. तरुणपणी खालच्या आजी तिथल्या वाड्यात पाहुण्यांना माहिती सांगायचे काम करत. मग लग्न होऊन कार्ल्सरूहेला आल्या. नवरा वारला होता. एकच मुलगा, दूर हॅनोव्हरला. रविवारी फोन करायचा, नाताळात यायचा. आणि आता त्यांना वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात एक व्याख्यान द्यायचे होते, महाराणीच्या खासगी आयुष्यावर, तेही इंग्रजीत.

"इंग्रजीत का?" मी विचारले.

"जर्मनमध्ये प्रत्येकाला वाटतं की आपल्याला ती माहीत आहे. इंग्रजीत मला मध्येच कोणी दुरुस्त करणार नाही."

"मग मी कशाला हवी?"

"तुम्ही आधीच दुरुस्त करायचं. म्हणजे नंतर कोणी करणार नाही."

अशा रीतीने दर मंगळवारी तीन वाजता मी तांबडे पेन घेऊन खाली जाऊ लागले. टेबलावर कॉफी असे आणि एक पत्र्याचा गोल डबा. कधीकाळी त्यात चॉकलेटे आली असावीत. झाकणावर महाराणीचे चित्र होते: मागे वळून पाहणारी, केसांत चांदण्या खोवलेल्या. त्यातून त्या साखरेचे चौकोनी खडे काढत आणि वाचायला सुरुवात करत.

पहिल्याच मंगळवारी मला कळले की सम्राट बघायला आला होता थोरल्या बहिणीला, आणि पसंत केली धाकटी, पंधरा वर्षांची. शिवाय त्याची आई ही मुलीची सख्खी मावशी. रात्री जेवताना मी हे सांगितले तर आजोबा खूश झाले.

"म्हणजे आपल्याकडचंच स्थळ की! कांदेपोहे थोरलीच्या हातचे, आणि मुलगा बघतोय दारामागे. मावशीची सासू झाली म्हणजे सासुरवासही घरचाच."

मी दुसऱ्या दिवशी हे खाली सांगितले. कांदेपोहे म्हणजे काय ते समजावण्यात वेळ गेला. मग त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि त्यांनी तो विनोद व्याख्यानात घ्यायचे ठरवले. मी नको म्हटले. त्या म्हणाल्या, "तुमच्या यजमानांना सांगा, मी त्यांच्या नावानिशी सांगेन."

पुढे मात्र हसण्यासारखे कमी होते. सासूने तिच्या मुली जन्मताच आपल्या दालनात नेल्या. आईने त्यांना भेटायला जायचे तर जिने आणि लांबलांब दालने. थोरली मुलगी दोन वर्षांची असतानाच वारली. मग महाराणीने खाणे सोडायला सुरुवात केली. दिवसाला काही संत्री, थोडे दूध, कधी मांसाचा पिळलेला रस. वजन रोज करायचे. केस घोट्यापर्यंत, ते विंचरायला दर सकाळी दोन-तीन तास. विंचरून झाले की गळलेले केस चांदीच्या ताटलीत घालून तिच्यापुढे ठेवायचे. ताटलीत केस जास्त दिसले की तिचा चेहरा उतरायचा. म्हणून केस विंचरणारी बाई काही केस गुपचूप आपल्या एप्रनच्या आत चिकटवून ठेवायची.

"गुंतवळ," मी म्हटले. "आमच्याकडे त्याला एक शब्द आहे."

"खरंच? एकच शब्द?" त्यांनी तो तीनदा म्हणून पाहिला.

आता डब्यांचे सांगते, कारण पुढचे सारे त्यावरच आहे. मी एकदा त्यांना स्टीलच्या डब्यातून खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा दाराशी हजर. घासलेला, पुसलेला, आरशासारखा, आणि रिकामा. आजोबा म्हणाले, "खालच्या महाराणीबाईंना आपली रीत कोण सांगणार?" ते सहज म्हणाले. पण थोरले, तू तिथेच खेळत होतीस. तू दुपारी त्यांच्याकडे बटणांच्या बरणीशी खेळायला गेलीस आणि आपल्या चार वर्षांच्या जर्मनमध्ये त्यांना सांगून आलीस की आजी म्हणते, डबा रिकामा परत द्यायचा नसतो.

संध्याकाळी घंटा वाजली. त्या दारात उभ्या होत्या, हातात ताटलीवर आलुबुखाराच्या केकचा तुकडा.

"मला माफ करा. मला हा नियम माहीत नव्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "अहो, नियम नाही तो. रीत आहे."

"फरक काय?"

"नियम मोडला तर दंड होतो."

"आणि रीत मोडली तर?"

"काही होत नाही. जरा बरं दिसत नाही, इतकंच."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणजे नियमच."

त्या दिवसानंतर त्यांच्याकडून एकही डबा रिकामा आला नाही. आलुबुखार, लाल आंबट मनुकांसारखी फळे, मागच्या अंगणातले अक्रोड, आणि तुझ्यासाठी राजवाड्याच्या बागेतले देवदाराचे बोंड. मला मजा वाटायची. साताऱ्यात शेजारणीशी चालायचे तसेच इथे चालले आहे, असे मी बहिणीला फोनवर सांगितले.

सप्टेंबरात आम्ही परत आलो. पुढच्या वसंतात तुमच्या आईचा फोन आला की खालच्या आजींचा मुलगा हॅनोव्हरला वारला. चाळिशीतला होता. कसा गेला ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. जूनमध्ये आम्ही पुन्हा तिकडे आलो, तेव्हा मी पहिल्या मंगळवारी तीनला खाली गेले. व्याख्यानाचे म्हणून नाही, भेटायला.

दार लगेच उघडले. टेबल मांडलेले होते. कागद सरळ रेषेत ठेवलेले, त्यावर माझ्यासाठी नवे तांबडे पेन. तेच निळे स्वेटर होते, पण खांद्यांवरून ओघळत होते. माझ्यासाठी कॉफी, आणि त्यांच्या कपात नुसते गरम पाणी.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी हात धरू दिला, मग हळूच सोडवून घेतला.

"ऑक्टोबरमध्ये व्याख्यान आहे," त्या म्हणाल्या. "आपण मागे आहोत."

"तुम्ही आज काय खाल्लंत?"

"सकाळी खाल्लं."

त्या उन्हाळ्यात मी त्यांना हा प्रश्न दर भेटीत विचारला, आणि दर वेळी हेच उत्तर मिळाले. ओट्यावर एक ताटली, एक सुरी असे, आणि दोन्ही कोरडी. आपल्याकडे जेवायला बसलेल्या माणसाला आग्रह करता येतो, शपथ घालता येते, ताटात वाढून मोकळे होता येते. इथे बाई समोर बसून हसून म्हणते, सकाळी खाल्लं, आणि पुढे बोलायची सोयच नाही.

मग मला जे येते ते मी केले. मऊ भात, वर मेतकूट आणि तूप. मुगाची खिचडी. रव्याची खीर. मी रोज एक डबा खाली नेऊन द्यायचे. त्या आभार मानून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत यायचा, आणि रीतीप्रमाणे रिकामा नाही. आधी अर्धे लिंबू आले. मग मेणबत्तीचा तुकडा. मग एक टपालाचे तिकीट. एके दिवशी डबा उघडला तर आत एक बटण.

आजोबा ते हातात घेऊन बघत राहिले. "बटण? यातून त्यांना काय म्हणायचंय?"

त्यांना काही म्हणायचे नव्हते. घरात घालण्याजोगे काही उरले नव्हते, एवढेच. बाजारात जाणेच त्यांनी बंद केले होते. मी खाली गेले.

"ती रीत आता राहू द्या. माझ्यासाठी."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग तुम्हीही पाठवणं थांबवा."

"ते कसं थांबवू?"

"मग मी कशी थांबवू?"

मला पाठवणे थांबवता आले नाही. तेव्हापासून डबे परत यायचे बंद झाले. एक खाली राहिला, मग दुसरा, मग सगळेच. तुमची आई म्हणाली, "आई, घरात एक डबा नाही उरला. मी ऑफिसला आईस्क्रीमच्या डब्यातून जेवण नेतेय." मग मीही आईस्क्रीमच्या डब्यातून पाठवू लागले. त्या ते खातात की टाकतात, ते कळायला मार्ग नव्हता.

मंगळवार मात्र चुकला नाही. जुलैत आम्ही महाराणीच्या मुलाच्या मरणापर्यंत आलो. मला वाटले, ते पान त्या गाळतील. मी तसे सुचवलेही. त्यांनी चष्मा नीट केला आणि वाचले. मुलगा तिशीतला, शिकारीच्या बंगल्यात, सोबत एक कोवळी मुलगी, दोघेही गोळी लागून मेलेले. बातमी आधी आईला कळली आणि सम्राटाला तिनेच सांगितली. त्यानंतर ती आयुष्यभर काळे कपडे घालून जगली, कुठे स्थिर राहिली नाही, पंख्यामागे चेहरा लपवून जहाजातून भटकत राहिली. त्या वाचत होत्या, न अडखळता. मी तांबडे पेन उघडून बसले होते. त्या पानावर दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. बाकीची पाने चुकांनी भरलेली असायची.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद ठेवला. "तिला निदान खबर घरातच मिळाली," त्या म्हणाल्या. "मला फोन आला तेव्हा मी ट्रामच्या थांब्यावर होते. सहा नंबरची आली आणि मी चढले. मला वाटलं, तिकीट काढलंय तर जायला हवं."

मी उठून त्यांच्याजवळ गेले. जवळून पाहिले तर वेणी नीट घातलेली नव्हती. मागे जटा झाल्या होत्या. ज्या बाईला पायरीचा कोपरा दिसायचा, तिच्या डोक्याची ही दशा.

"विंचरून देऊ का?" मी विचारले. हे विचारताना मला भीती वाटली. तिथे असे कोणी कोणाच्या अंगाला हात लावत नाही.

त्यांनी पिना काढायला सुरुवात केली.

मी वर जाऊन खोबरेल आणि माझा रुंद दातांचा कंगवा आणला. केस अजून कमरेपर्यंत होते. मी टोकांपासून सोडवत वर वर गेले, तुमच्या आत्याचे विंचरायचे तसे. केस हातात येत होते. विंचरल्यासारखे नव्हे, सुटून आल्यासारखे, पुंजकेच्या पुंजके. मी ते मुठीत धरत गेले, मूठ भरली तसे कमरेला खोचलेल्या पदरात दाबले. माझे हात थांबले की त्यांना कळेल म्हणून मी थांबले नाही.

"किती?" त्यांनी मागे न वळता विचारले.

"थोडे. नेहमीसारखे."

"ताटली दाखवा."

"आमच्याकडे ताटलीची रीत नाही."

त्या हसल्या. खांदे हलले, म्हणून हसल्या असे मला वाटले. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण खोटं बोलता येत नाही तुम्हाला."

वर येऊन मी पदर सोडला आणि ते केस आजोबांना दाखवले. त्यांनी त्या दिवशी चेष्टा केली नाही. "आता हे मुलाला सांग," म्हणाले.

तुमच्या बाबाने ऐकून घेतले. तुमच्या आईने त्यांच्या डॉक्टरांकडे फोन केला. तिकडून विचारले, आपण कोण? शेजारी. मग रुग्णाबद्दल काही बोलता येणार नाही, डाटेनशुट्झ, म्हणजे खासगी माहिती जपण्याचा कायदा. तुम्ही सांगितलेले आम्ही ऐकले आहे, एवढेच म्हणू शकतो.

"पण त्या जेवत नाहीत रे," मी बाबाला म्हटले. "मरतील अशाने."

"आई, इथे माणूस शुद्धीवर असेल तर न जेवण्याचा त्याला हक्क आहे."

"असा कसला हक्क?"

"मला नाही माहीत, आई. आहे खरा." तो मोबाइलकडे बघत बसला होता, पण मोबाइल बंद होता. त्यालाही दुसरे काय करावे ते सुचत नव्हते, हे माझ्या लक्षात आले आणि मी ताटे घ्यायला उठले.

ऑगस्टमध्ये आम्ही शेवटच्या भागावर आलो. तळ्याकाठच्या एका शहरात महाराणी बोटीकडे चालली होती, तेव्हा एका माणसाने तिच्या छातीत अणकुचीदार हत्यार खुपसले. तिला वाटले, धक्का लागला. ती उठली, चालत गेली, बोटीवर चढली. कमरेला आणि छातीला कॉर्सेट, म्हणजे नाड्यांची कंचुकी, इतकी घट्ट आवळलेली होती की रक्त बाहेर आलेच नाही. बोट निघाल्यावर ती कोसळली. मोकळा श्वास मिळावा म्हणून कंचुकीच्या नाड्या कापल्या. मग ती गेली.

"आवळलेलं होतं तोवर चालत होती," खालच्या आजी म्हणाल्या. "हे वाक्य बरोबर आहे?"

बरोबर होते.

पुढच्या आठवड्यात जिन्याची पाळी त्यांची होती. लाकडी पाटी त्यांच्या दाराला टांगलेली पाहून मी म्हटले, मी करते. त्यांनी ती पाटी सरळ केली आणि दार लावून घेतले. शनिवारी सकाळी बादलीचा आवाज झाला आणि पाठोपाठ दुसरा. त्या पहिल्या मजल्यावरून खाली कोसळल्या होत्या. पाणी पायऱ्यांवरून वाहत होते. मी त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले. हाताला नुसती हाडे लागत होती. त्या डोळे मिटून एवढेच म्हणत होत्या की कोपरे राहिले. रुग्णवाहिका आली, घेऊन गेली.

मी आणि आजोबा दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो, हातात आईस्क्रीमचा डबा, त्यात पेज. खिडकीतल्या मुलीने फार नम्रपणे सांगितले की आम्ही नातेवाईक नाही. मी तिला चांगल्या इंग्रजीत समजावले. तिनेही मला चांगल्या इंग्रजीत समजावले. मी डबा धरून उभी राहिले. शेवटी आजोबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "चला आता."

त्यांची भाची बव्हेरियातून आली. पन्नाशीची, दमलेली, मनाने चांगली. बाईंना घरी आणल्यावर तिने आमच्या दारी येऊन सगळे व्यवस्थित सांगितले. तिने व्याख्यान रद्द केले होते. जिन्याच्या पाळीतून मावशीचे नाव काढायला लावले होते. मंगळवारही आता नकोत; आराम हवा. आणि कृपा करून जेवण पाठवू नका, डॉक्टरांनी आखून दिलेले आहे. ती बोलत होती आणि मला सारखी ती बोट आणि त्या कापलेल्या नाड्या आठवत होत्या. पण तिला काय सांगणार? तिचे एकही वाक्य चुकीचे नव्हते. आणि मावशी तिची होती.

तिने मला एकदा भेटू दिले. खालच्या आजी खिडकीजवळ खुर्चीत होत्या. केस कापलेले होते, मानेपर्यंत. धुवायला सोपे जावे म्हणून. कान उघडे पडले होते, लहान मुलासारखे. त्यांनी माझी नजर ओळखली.

"आता ताटली लागणार नाही," त्या म्हणाल्या.

मला रडू आले. त्यांना नाही आले. त्यांनी भाचीला जर्मनमध्ये काहीतरी सांगितले आणि तिने तो महाराणीच्या चित्राचा डबा आणून माझ्या हातात दिला. मी तो हलवला. आत साखरेचे खडे वाजले.

"रिकामा नाही," त्या म्हणाल्या. "आता तुमची पाळी."

मी वर आले. साखरेचे खडे एका वाटीत काढले, डबा पुसला आणि त्याच संध्याकाळी रव्याचे लाडू करून त्यात भरले. भाचीने जेवण नको म्हटले होते, हे मला आठवत होते. पण लाडू म्हणजे जेवण नव्हे, असे मी स्वतःला समजावले, आणि डबा तर परत द्यायलाच हवा होता. सकाळी नऊला मी खाली गेले. घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. आतून काही आवाज नाही. वरून तुमची आई ऑफिसला जायला उतरत होती. ती म्हणाली, "आई, त्या गेल्या पहाटे. भाचीच्या गाडीतून. तळ्याकडच्या कुठल्यातरी वृद्धाश्रमात ठेवणार आहेत म्हणे."

"कुठल्या?"

"नाही सांगितलं तिने. मीही नाही विचारलं. उशीर होत होता."

त्यानंतर चारेक दिवसांत आमचा व्हिसा संपला. बाबा म्हणाला, पत्ता मिळाला की डबा पोस्टाने पाठवू. पत्ता मिळाला नाही. मला तो डबा तिथे ठेवून येववेना. लाडवांसकट सामानात घातला आणि साताऱ्याला आणला. आजोबांनी लाडू खाल्ले, रोज एक. वाया घालवून चालले नसते.

फेब्रुवारीत तुमच्या आईचा फोन आला. भाची घर रिकामे करायला आली होती. नाताळानंतर थोड्याच दिवसांत मावशी गेली, असे तिने सांगितले. आणि दोन कापडी पिशव्या भरून आपले डबे परत केले. स्टीलचे, आईस्क्रीमचे, सगळे. मशीनमध्ये धुतलेले, एकात एक बसवलेले.

"काही होतं का त्यात?" मी विचारले.

"कशात? डब्यांत? नाही, आई. रिकामे होते."

"त्यांनी खाल्लं की टाकलं, काही म्हणाली का भाची?"

मागे धाकटा काहीतरी आपटत होता. "आई, असं कसं विचारणार मी तिला?" तुमची आई म्हणाली. आणि खरेच, कसे विचारणार होती?

तेव्हा हे मला अजून माहीत नाही. ज्यांना माहीत होते त्या नाहीत. भाची असेल, पण तिचे नाव आम्ही कधी नीट लिहून घेतले नाही. तुमचे आजोबाही आता नाहीत. नाही तर ते बटण कुठे ठेवले ते त्यांना विचारले असते.

थोरले, त्या खोल्यांमध्ये तुला काटा दाखवतील. बघ आणि पुढच्या खोलीत जा. केस विंचरायचे टेबल दाखवतील, तिथे थोडा वेळ थांब. तिच्यामागे उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल कोणी काही सांगितले तर ऐकून ठेव आणि मला फोनवर सांग.

डबा इथे साताऱ्यात माझ्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर आहे. त्यात मी मेथीदाणे ठेवते, कारण तो रिकामा ठेवायचा नाही. झाकण इतक्यांदा उघडले आहे की महाराणीच्या चेहऱ्याचा रंग गेला, खालचा पत्रा दिसतो. केसांतल्या चांदण्या अजून आहेत.